तौनोला पाठवलेली भोकं

१४ मे २०१७

तौनो,

हे पत्र फाडायचं असेल तर फाड, पण सोबतचा कागद फाडू नकोस. त्याला आधीच एक भोक आहे, आणि मला त्या भोकाचीच काळजी लागली आहे.

दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तू "हॅलो" म्हणालास, मी "तौनो, मी हेल्मी" म्हणाले, आणि पुढे टूंऽऽ. नऊ वर्षांनी बहिणीचा आवाज ऐकून माणूस निदान खोकतो तरी! म्हणून आता पत्र. तू ते अर्ध्यात टाकलंस तरी निदान मला ऐकू येणार नाही.

त्या जुन्या प्रकरणाबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाहीये. काम आहे म्हणून लिहितेय.

एल्डनच्या उजव्या खांद्याचं फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, धनुष्य विसरा. घरी येऊन त्यानं ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "विकून टाक." आवाज असा, की जणू घरचं कुत्रंच विकायला काढलंय. माझ्या तोंडून निघून गेलं, "विकायचं कशाला? मी ओढीन." आणि माझा नवरा हसला. तौनो, तो हसला नसता तर सगळं तिथेच मिटलं असतं.

पुढच्याच आठवड्यात क्लबचं जेवण होतं. तिथे लेम्पीनं अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय गं हेल्मी, तू म्हणे आता धनुर्धर?" लेम्पी तुला आठवतेच. आता गुडघा बदललाय, भर उन्हाळ्यातसुद्धा स्कीची काठी टेकत हिंडते. मी उठले आणि जुलैच्या स्पर्धेच्या यादीत नाव लिहिलं. पेनानं. माझं वय त्रेसष्ट. चौतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात मोठमोठी पातेली उचलली आहेत, तेव्हा ताकद आहे. धनुष्यही जड नाही. एल्डननं खांदा कुरकुरायला लागल्यावर त्यावर ओढायला हलकी पाती बसवून घेतली होती. पण बाण सरळ जात नाही. गळाला लागलेल्या माशासारखा शेपूट हलवत जातो. वीस यार्डांवर उभ्या केलेल्या फोमच्या हरणाचा मी आत्तापर्यंत फक्त एक कान उडवलाय.

एल्डन खुर्ची टाकून मागे बसतो आणि सल्ले देतो. तीन दिवसांत अकरा सल्ले झाले. चौथा आणि नववा एकमेकांच्या अगदी उलट होते.

मग आठवलं, हार्डवेअरच्या दुकानात मागच्या बाजूला तू लाकडी चौकटीत कागद ताणून लोकांना त्यातून बाण मारायला लावायचास. मी गॅरेजमध्ये तसाच कागद ताणला, दोन पावलं मागून बाण मारला. तोच सोबत पाठवतेय. बाणाच्या टोकाचं भोक कुठेय ते दिसेल, आणि शेपूट वर नि डावीकडे बोटभर फाडत गेलंय. मला याचा अर्थ कळत नाही. या गावात ज्याला कळायचा तो माँटानात जाऊन बसलाय.

तुला लिहिलंय हे एल्डनला सांगितलेलं नाही. उत्तर नाही आलं तर त्याचं तोंड बघवणार नाही मला.

हेल्मी


२९ मे २०१७

तौनो,

तीन वाक्यं! माझाच कागद, माझंच भोक, आणि त्याच्या बाजूला तुझी तीन वाक्यं: "तुझे हात केवढे आणि एल्डनचे केवढे? आधी धनुष्य तुझ्या मापाचं कर. मग फाट बघू." खाली सहीसुद्धा नाही. तरी मी ते सात वेळा वाचलं, आणि आठव्यांदा लेम्पीला वाचून दाखवलं.

लेम्पी म्हणाली, "मला वाटलं होतं हा मेला असेल."

मी म्हटलं, "मेलेली माणसं इतकं वाईट अक्षर काढत नाहीत."

मोजलं बाबा. गॅरेजच्या भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसरून उभी राहिले आणि लेम्पीनं दोन्ही बोटांपाशी पेन्सिलीनं खुणा केल्या. मधेच एल्डन आत आला. बायको भिंतीला चिकटलेली, शेजारीण पेन्सिल घेऊन पुढे. तो "माफ करा" म्हणून आल्यापावली परत गेला. चौसष्ट इंच भरले. तू दुकानात अडीचनं भागायचास ते आठवत होतं, म्हणजे माझी ओढ, दोरी मागे खेचायचं अंतर, साडेपंचवीस इंच. एल्डनचं धनुष्य साडेएकोणतीसला लावलेलं. म्हणजे महिनाभर मी नवऱ्याचा कोट घालून धावत होते म्हण!

आता अडचण अशी. ओढ कमी करायला धनुष्याच्या दोन्ही टोकांच्या चाकांवरचे ते चंद्रकोरीसारखे तुकडे बदलावे लागतात. तालुक्याच्या दुकानातला पोरगेला माणूस म्हणतो, हे मॉडेल जुनं झालं, त्याचे तुकडे आता येत नाहीत, मावशी, नवीन घ्या. मी म्हटलं, मीही जुनं मॉडेल आहे, माझे तुकडेही येत नाहीत, म्हणून काय टाकून देतोस?

तुला कुठे मिळतील का? तू आणि एल्डननं ही धनुष्यं एकाच दिवशी घेतली होती, म्हणून विचारते.

इथे काळ्या माश्यांनी हैराण केलंय. मान सुजून भाकरीएवढी झालीय. तरी रोज तीस बाण मारते.

हेल्मी


९ जून २०१७

तौनो,

तुझं पार्सल काल आलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन तुकडे. एकावर बारीक चरा आहे, मागच्या बाजूला तेलाचा जुना डाग आहे. हे दुकानातून आलेले नाहीत. हे तू तुझ्या धनुष्यावरून काढलेस. तुझे हातही माझ्याएवढेच आखूड, हे मी विसरले होते. आईकडून आपल्याला तेवढंच एक सारखं मिळालंय. मग आता तुझं धनुष्य कशावर चालतं? विचारलं तर उत्तर देणार नाहीस, म्हणून विचारत नाही.

आणि एल्डनला कळलं. पार्सल त्यानंच घेतलं पोस्टमनच्या हातून. मी बागेत होते. आत आले तर खोकं टेबलावर, आणि तो पत्त्यावरच्या अक्षराकडे बघत बसलेला. मला वाटलं, आता बोलणी खाणार. तो म्हणाला, "आठ असा काढणारा सबंध अमेरिकेत एकच माणूस आहे." बस. मग गॅरेजमध्ये गेला, आणि तासाभरानं शीळ ऐकू आली. माझा नवरा शीळ घालतो हे मी विसरलेच होते, तौनो. नंतर जेवताना त्यानं विचारलं, "बरा आहे का तो?" मी म्हटलं, "काही कळत नाही, फक्त धनुष्याचंच लिहितो." तर म्हणतो, "म्हणजे बरा आहे."

तुकडे बसवले. "दोन स्क्रू आहेत, घाबरू नकोस" असं तू लिहिलंस, तरी मी घाबरले. मग तू सांगितल्याप्रमाणे दोन्ही चाकं एकाच क्षणी थांबतात का ते बघायला घेतलं. मी दोरी ओढणार, लेम्पी वरच्या चाकाकडे बघणार, एल्डन खालच्या चाकाकडे, आणि आपापलं चाक अडलं की "आता!" म्हणून ओरडायचं. कल्पना कर. मी लाल होऊन ओढतेय आणि दोन्ही कानांत दोन म्हातारी ओरडतायत.

"आता!" एल्डन.

"...आता!" लेम्पी.

"तुझं उशिरा झालं."

"माझं नाही, चाकाचं उशिरा झालं. मी वेळेवर ओरडले."

"तू नेहमीच उशिरा ओरडतेस. चर्चमध्ये गाणंही एक ओळ मागे असतं तुझं."

चौदा वेळा ओढायला लावलं मेल्यांनी. पण वरचं चाक खरंच मागे पडत होतं. धनुष्य दाबून धरायचं यंत्र आता अर्व्होकडे आहे, क्लबचा अध्यक्ष म्हणून. त्याच्याकडे जाऊन केबलला दोन पीळ दिले. अर्व्हो कामाला चोख आहे, पण तुझं नाव निघालं की स्वतःच्या बुटांकडे बघायला लागतो. का ते तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे. असो.

तर नवं भोक सोबत जोडलंय. शेपूट वर उचलायचं थांबलं! फक्त डावीकडची फाट उरलीय, नखाएवढी. एल्डन म्हणतो, तौनोला सांग, आपल्या त्या खडकाखाली ट्राउट मासे अजून आहेत. सांगितलं.

हेल्मी


३० जून २०१७

तौनो,

आधी भांडण, मग बातमी.

तू लिहिलंस की शेपूट डावीकडे जातंय तर बाणाचा टेकू उजवीकडे सरकव, केसभर. सरकवला. पुन्हा सरकवला. बाणसुद्धा माझ्या मापाचे घेतले. फाट एकदा नखाएवढी, एकदा बोटाएवढी, एकदा नाहीच, पुन्हा बोटाएवढी. आठ दिवस मी तो टेकू असा हलवत होते जसा एल्डन टीव्हीचा अँटेना हलवायचा. तुला सगळं सविस्तर कळवलं, आणि तुझं उत्तर काय? "टेकू मधोमध आण. आता धनुष्याला हात लावू नकोस. फाट दर वेळी वेगळी येते, म्हणजे दोष धनुष्याचा नाही. तू मूठ आवळतेस. तू सगळंच आवळून धरतेस."

शेवटचं वाक्य धनुष्याबद्दल होतं असं समजून मी ते सोडून देते.

चिडून मी दिवसभर कागदासमोर गेलेच नाही. खणलेल्या वाफ्यात बटाटे लावले, वेलदोड्याचा पाव केला, तो जळाला. मग लेम्पी आली. तिनं तुझी चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, "खरंय की. तू माझा हात धरून बर्फावरून नेतेस तेव्हा माझी बोटं निळी पडतात." तिनं स्वतःच्या बुटाची नाडी सोडली आणि एका टोकाचा फास माझ्या अंगठ्यात, दुसऱ्या टोकाचा तर्जनीत अडकवला, मधे धनुष्य. म्हणाली, "आता सोडून दे. पडणार नाही ते."

तौनो, धनुष्य न धरता धनुष्य मारायचं हे अंगावर काटा आणणारं आहे. अंगठ्याच्या बुडाशी ते नुसतं टेकलेलं, बोटं मोकळी. मी डोळे मिटणार होते. एल्डन मागून म्हणाला, "डोळे उघडे ठेव," आणि तो त्याचा पहिला बरोबर सल्ला होता.

सुटला. धनुष्य आपणहून पुढे झेपावलं आणि नाडीला लोंबकळत राहिलं. आवाज वेगळाच आला, घट्ट डब्याचं झाकण बसावं तसा. आम्ही तिघं कागदाजवळ गेलो. लेम्पी पहिली पोचली, काठी टाकून.

एक गोल भोक. त्याच्याभोवती तीन बारीक चिरा, तीन पिसांच्या. बाकी काही नाही.

"हे चुकून झालं," एल्डन म्हणाला. मग मी आणखी चार मारले. चारही गोल. पाचव्यानंतर एल्डननं डाव्या हातानं माझी टोपी उडवली आणि लेम्पीसमोर माझा मुका घेतला. लेम्पी म्हणाली, "मी बुटाची नाडी घेऊन जाऊ का?"

पाचही भोकं कापून सोबत पाठवतेय. इतकी खूश आहे, की जे लिहिणार नव्हते ते आता लिहिते. आज नाही लिहिलं तर कधीच लिहिणार नाही.

नऊ वर्षांपूर्वीच्या स्पर्धेत शेवटच्या निशाण्यावर, त्या फोमच्या अस्वलावर, तुझा बाण आतल्या वर्तुळाच्या रेषेवर बसला. गुण मांडायला मी होते. रेषेला लागला तर दहा, नाही तर आठ. मी आठ मांडले, आणि अर्व्हो तुझ्यापुढे एका गुणानं गेला. तू म्हणालास, "पुन्हा बघ." मी वाकले, बघितलं, म्हटलं, "बाहेर." तौनो, मी काहीही बघितलं नव्हतं. मला तिथे एक काळा ठिपका आणि धुकं दिसत होतं. चष्मा माझ्या एप्रनच्या खिशात होता. नवाच होता, आणि लेम्पी म्हणाली होती की त्यात मी घुबडासारखी दिसते. चाळीस माणसांसमोर खिशातून घुबड काढायचं नव्हतं मला.

मग तू म्हणालास, "आंधळी आहेस का?" आणि वर्मावर बोट बसलं म्हणून मी ते बोलले. ते सबंध लिहिते, कारण इतकी वर्षं मी स्वतःलाही ते अर्धंच सांगत आलेय. मी म्हटलं, "आंधळा तू. घरात काय चाललंय ते दिसलं असतं तर मार्गिट तुला सोडून गेली नसती." ती जाऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते. तू धनुष्य गाडीत ठेवलंस. झाडाची पानं गळायच्या आत तू माँटानात होतास, आणि एल्डननं त्या खडकावर एकट्यानं मासे धरायला सुरुवात केली. सख्ख्या भावासारखे होतात तुम्ही दोघं. त्यानं मला एकदाही बोल लावला नाही. बोल लावला असता तर बरं झालं असतं.

यावर उत्तर लिहायला हवं असं नाही. पण भोकं बघ. पाचही गोल आहेत.

तुझी हेल्मी


१५ जुलै २०१७

तौनो,

दोन आठवडे झाले. पोस्टमन आता आमच्या फाटकाशी गाडी हळू करतो, मान हलवतो आणि जातो. एल्डन म्हणतो, "डोंगरातली पोस्ट उशिरा येते." आधीची चार दिवसांत यायची, पण मी काही बोलत नाही.

तू गप्प आहेस म्हणून मी सराव थांबवलेला नाही, एवढं कळवायला लिहितेय. तू पूर्वी सांगितलेली बिनपिसांची परीक्षाही झाली. एका बाणाची पिसं काढून टाकली आणि वीस यार्डांवरून पिसांच्या बाणाबरोबर मारला. दोघे एकमेकांपासून तीन बोटांवर बसले, शेजारीशेजारी. अर्व्होनं येऊन बघितलं, टोपी मागे सारली आणि म्हणाला, "हे कुणी लावून दिलं?" मी म्हटलं, "पोस्टानं."

आता बुधवारची गोष्ट ऐक. क्लबची बैठक होती. उन्हाळी स्पर्धेचं सगळं ठरलं, पेस्टीच्या सारणात गाजर घालायचं की सलगम यावर दर वर्षीचं भांडण झालं, आणि अर्व्होनं विचारलं, "आणखी काही?" मी उठले. म्हटलं, "दोन हजार आठच्या वहीत एक दुरुस्ती आहे."

कुणी तरी हसलं. "हेल्मी, ते अस्वल कधीच जळणात गेलं."

"अस्वल गेलं, पण मी आहे ना. तौनोचा बाण मी बाहेर म्हटलं. मला दिसलाच नव्हता. डोळ्यावर चष्मा नव्हता आणि मला तो लावायची लाज वाटत होती. आणि त्यानंतर मी त्याच्या बायकोबद्दल जे बोलले, ते इथल्या निम्म्या लोकांनी ऐकलंय. ते बोलणं नीच होतं. ते वहीत लिहू नका, पण मी म्हटलं हे ऐकून ठेवा."

मी बसणार इतक्यात अर्व्हो म्हणाला, "मला दिसला होता."

सगळ्यांनी माना वळवल्या.

"मी तिच्या शेजारीच होतो. बाण रेषेला लागला होता. चांगला लागला होता." त्याच्या कानाच्या पाळ्यासुद्धा लाल झाल्या. "मी काही बोललो नाही. जिंकल्याचा कप घरी नेला. त्या दिवसापासून माझी बायको त्यात कपडे वाळत घालायचे चिमटे ठेवते. मला तो कपाटावर ठेवावासाच वाटला नाही."

मग लेम्पी काठी आपटून म्हणाली, "आणि घुबड मी म्हटलं होतं. आता सगळे आपापलं सांगणार असाल तर आणखी कॉफी करा."

असे हसले सगळे, तौनो, असे हसले! अर्व्होसुद्धा. वहीत दहा लिहिले, खाली तिघांच्या सह्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर कप होता, घासून लख्ख केलेला. तळाशी एक चिमटा राहिला होता.

तो मी पोस्टानं पाठवणार नाही. एवढी मोठी पेटी माझ्याकडे नाही. स्पर्धा बावीसला आहे, शनिवारी, नऊ वाजता. हे बोलावणं नाही. नुसती तारीख सांगतेय.

तुझी हेल्मी


२४ जुलै २०१७

प्रिय तौनो, आणि आता प्रिय नोरीनसुद्धा,

काल दुपारी तुमची गाडी वळणापलीकडे गेली आणि मी आज लिहायला बसले. तुम्ही दोघं सगळीकडे होतात, मग लिहायचं काय, असं एल्डन म्हणतो. पण तुम्ही माझ्या जागी उभे नव्हतात.

दुसऱ्या निशाण्यापर्यंत मी बरी होते. तिसरा तो फोमचा टर्की, उतारावरचा. धनुष्य उचललं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून एल्डन दिसला, दोरीपलीकडे, आणि त्याच्या शेजारी एक माणूस खिशात हात घालून, डावा खांदा जरा उतरता. आपले वडील असेच उभे राहायचे. मला एक क्षण वाटलं तेच आलेत. मग त्या माणसानं डाव्या हाताची बोटं उघडून दाखवली. मूठ उघड, म्हणून. तिथे दोरी ओढून मी रडत होते, तौनो. टर्की मला पाण्याखाली असल्यासारखा दिसत होता. तरी बाण बसला, पोटात. माझं कौशल्य नाही ते, तू लावून दिलेलं धनुष्यच तसं आहे.

पाच बायकांत माझा चौथा नंबर आला. जिला मी हरवलं त्या बाईचा हात गेल्या महिन्यात मोडला होता हे मला बक्षीस मिळाल्यावर कळलं, आणि मी बक्षीस परत केलं नाही.

पण खरं सांगू? सगळ्यात मोठा धक्का नोरीननं दिला. पंधराशे मैल गाडी चालवून आलेली बाई खाली उतरते, मला कवेत घेते, माझे पाय जमिनीवरून सुटतात आणि म्हणते, "हेल्मी! मी तुला कधीची ओळखते!" मी "ही कोण?" विचारणार तर तू शांतपणे म्हणालास, "बायको. तीन वर्षं झाली." तीन वर्षं! आणि मी इकडे नऊ वर्षं मेणबत्ती लावून तुझं एकटेपण सांभाळत होते.

नोरीन, तू पेस्टी खाता खाता सांगितलंस ते मी एल्डनला पुन्हा पुन्हा सांगायला लावते. माझं पहिलं पत्र यानं न उघडता स्टोव्हकडे नेलं. तू शाळेची बस लावून घरात येत होतीस. "काय ते?" विचारलंस. "काही नाही." "मग काही नाहीला इतक्या रागानं का धरलंयस?" तू ते काढून घेतलंस, उघडलंस, आणि आतून भोक पडलेला कागद निघाला. "मला कळेना," तू म्हणालीस, "कुठली बाई भावाला नुसतं भोक पाठवते? म्हटलं, हिचं पत्र वाचायलाच हवं." त्यानंतर दर पत्र तू जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचलंस, आवाज काढून. लेम्पीचा आवाज तू अगदी बरोबर काढलास, तिला न भेटता.

आणि तौनो, सौनाच्या वाफेच्या खोलीबाहेर पायरीवर तू जे बोललास ते मी इथे लिहून ठेवते, कारण तू पुन्हा म्हणणार नाहीस. मी विचारलं, "त्या पत्राला उत्तर का दिलं नाहीस?" तू म्हणालास, "गाडीचे ब्रेक करून घेत होतो." मग घाम पुसलास आणि म्हणालास, "मार्गिटचं तू खोटं नव्हती बोललीस. म्हणून तर राग आला. ती बोलायची तेव्हा मी बाणांची पिसं चिकटवत असायचो. मान वर करायचो नाही. आता करतो." मी म्हटलं, "खरं असलं तरी ते चाळीस माणसांत बोलायचं नव्हतं." तू म्हणालास, "नव्हतंच." आणि त्या "नव्हतंच"नं मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! तू "जाऊ दे" म्हणाला असतास तर मी आयुष्यभर त्यातच अडकून राहिले असते. तेवढ्यात नोरीन आतून किंचाळत बाहेर आली, "तुम्ही लोक हे दर शनिवारी करता? स्वखुशीनं?" आणि तशीच तळ्यात गेली.

आता शेवटची एक गोष्ट. ही तुला एकट्याला सांगायची होती, पण नोरीन मोठ्यानं वाचणारच आहे, तर वाचू दे.

काल सकाळी आपण चौघं तळ्यावर गेलो. तू आणि एल्डन पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरलात आणि चपटे दगड पाण्यावर उडवायला लागलात. एल्डनचा उजवा हात तर वर जातच नाही, म्हणून तो डाव्यानं फेकत होता. डुबुक. दुसरा, डुबुक. मग तू फेकलास. लहानपणी तुझा दगड सहा, सात, आठ उड्या मारत जायचा. अख्ख्या किनाऱ्यावर तुझ्या तोडीचा कुणी नव्हता.

डुबुक.

मी नोरीनकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. तू आणखी एक उचललास, चांगला पारखून, चपटा, आणि नीट पाण्यात बुडवलास. मी मोजले. अकरा दगड, अकराही बुडाले.

तुम्ही गेल्यावर संध्याकाळी एल्डन ओसरीवर कॉफी पीत होता. एकदम खुशीत म्हणाला, "तौनोचा हात गेला बघ आता. एक दगड उडाला नाही त्याचा! माझे निदान दोन तरी जरा सरकले."

तौनो, तुझी बहीण गप्प बसली. मी म्हटलं, "आणखी कॉफी देऊ का?"

तुझी,
हेल्मी